थांबलेल्या डावाची वाटणी

घर तारण ठेवून कर्ज काढायला गेलात की बँक एक मूल्यांकनकार पाठवते. तो खोल्या मोजतो, फोटो काढतो, शेजारीपाजारी दोन प्रश्न विचारतो आणि चार-पाच पानांचा अहवाल देतो. त्या अहवालाच्या शेवटी बहुतेक वेळा एक नाही, तीन आकडे असतात. पहिला रास्त बाजारमूल्याचा, म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि घाई नसलेला घेणारा समोरासमोर बसले तर ठरेल तो. दुसरा थोडा कमी, प्रत्यक्षात हातात पडेल असा. तिसरा आणखी कमी, अडचणीत विकावं लागलं तर येईल तो. घर तेच, भिंती त्याच, तारीखही तीच, पण आकडे तीन.

माणसांनी भरलेल्या, जुन्या सोसायटीत हे तीन आकडे एकमेकांना धरून असतात. अर्धवट राहिलेल्या गृहसंकुलात मात्र ते इतके लांब जातात की तिघंही एकाच घराबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. अशा घराची किंमत ठरवताना आपण नक्की काय ठरवत असतो, आणि ती प्रामाणिकपणे ठरवणं म्हणजे काय, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात आला. तो पैशाचा प्रश्न म्हणून आला. विचार करत गेलो तसतसं त्यात पैशापेक्षा वेगळं बरंच काही आहे असं दिसू लागलं.

आधी ते घर कसं आहे ते सांगतो. पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे, पाच इमारतींचं एक संकुल. बाबांनी आणि काकांनी मिळून २०१५ साली तिथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, निम्मे-निम्मे पैसे घालून. पाचांपैकी दोन इमारती उशिरानं का होईना, पूर्ण झाल्या. दोन इमारतींचे सहाव्या स्लॅबपर्यंत सांगाडे उभे आहेत, वर गंजलेल्या सळया. पाचवीच्या जागी खड्डा आहे आणि पावसाळ्यात त्यात तळं होतं. आमचा फ्लॅट पूर्ण इमारतीत, पाचव्या मजल्यावर. आत काही कमी नाही. फरशी, रंग, खिडक्या, स्वयंपाकघराचा ओटा, सगळं जागच्या जागी. उणं आहे ते दाराबाहेर. दोन लिफ्टपैकी एकच चालते. पाणी टँकरनं येतं. सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा पाच इमारतींच्या हिशोबानं आखलेली, ती नीट सुरूच झाली नाही. मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंतचा तुकडा अजून मुरमाचा. रात्री एका बाजूच्या खिडक्यांत दिवे आणि दुसऱ्या बाजूला काळोख.

म्हणजे हे अर्धवट घर नाही. हे अर्धवट संकुलातलं पूर्ण घर आहे. हा फरक लक्षात घेतला की एक गोष्ट कळते: घराची किंमत म्हणून आपण जे मोजतो त्यातला मोठा हिस्सा घरात नसतोच. तो नळाच्या पलीकडे, गटाराच्या पुढच्या टोकाला, शेजारच्या दारामागे असतो. सॉफ्टवेअरमध्ये हे आम्ही रोज बघतो. तुमचा प्रोग्रॅम बिनचूक असेल, पण तो ज्या इतर दहा गोष्टींवर उभा आहे त्यांतल्या तीन बंद असतील, तर वापरणाऱ्याच्या दृष्टीनं तुमचा प्रोग्रॅम बंदच.

सरकारी कागदांना मात्र हे दिसत नाही, किंवा प्रत्येक कागदाला वेगळंच काही दिसतं. मुद्रांक शुल्कासाठीचे रेडी रेकनरचे दर विभाग पाहतात, बांधकामाचा प्रकार आणि वय पाहतात. खड्ड्यातलं तळं पाहत नाहीत. जीएसटीच्या दृष्टीनं सगळा खेळ एका दाखल्याचा आहे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकला तर शून्य. आणि रेरा कायद्यात प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प म्हणून नोंदवता येतो. आमच्या इमारतीची नोंदणी अशीच वेगळी आहे. त्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावर आमचा प्रकल्प ‘पूर्ण’ आहे. ते खोटंही नाही. इमारत पूर्ण आहेच. ज्या संकुलाचं चित्र दाखवून ती विकली गेली, ते संकुल मात्र कुठल्याच एका नोंदीत सापडत नाही.

आता आमचा प्रश्न. काकांना या घरातून बाहेर पडायचं होतं. त्यांचं श्रीगोंद्याला हार्डवेअरचं दुकान आहे, त्यावरचं कर्ज अंगावर आलं होतं. त्यांचा निम्मा वाटा बाबांनी घ्यावा, हक्कसोडपत्र करावं, असं ठरलं. रक्कम ठरेना. शेवटी दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. “तू इंजिनिअर आहेस, तू आकडा काढ.”

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या गणितज्ञांना एक कोडं छळत होतं. दोघं पैसे लावून खेळायला बसलेत, आधी ठरलेले डाव जिंकेल त्यानं सगळे पैसे न्यायचे. खेळ मध्येच बंद पडला. पैशांची वाटणी कशी करायची? लुका पाचोली यानं १४९४ च्या आपल्या ग्रंथात उत्तर दिलं: आतापर्यंत ज्यानं जितके डाव जिंकले त्या प्रमाणात. म्हणजे मागे पाहायचं. तार्तालियाला ते पटलं नाही. १५५६ मध्ये त्यानं लिहिलं की हा प्रश्न मुळात गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा आहे, आणि कसाही सोडवला तरी भांडायला जागा उरेलच. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १६५४ साली, पास्कल आणि फर्मा या दोघांनी पत्रापत्रीतून तो सोडवला. त्यांनी मागे पाहणं सोडून दिलं आणि पुढे काय काय घडू शकतं ते मोजलं.

पास्कलचं उदाहरण सोपं आहे. दोघांनी ३२-३२ नाणी लावलीत. तीन डाव जिंकेल तो ६४ नेणार. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक. पुढचा डाव पहिल्यानं जिंकला तर ६४ त्याचेच. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. तेव्हा तो म्हणू शकतो की ३२ तर कसेही माझेच आहेत. उरलेल्या ३२ ची शक्यता अर्धी-अर्धी, म्हणून त्यातले १६ दे. त्याचे झाले ४८, दुसऱ्याचे १६. आज विमा, शेअर बाजार, बँकेची जोखीम, सगळीकडे जे अपेक्षित मूल्य काढलं जातं, त्याचं मूळ या थांबलेल्या डावाच्या वाटणीत आहे.

बाबांचा हिशोब पाचोलीचा होता. एवढे लाख भरले, एवढं व्याज गेलं, एवढी वर्षं भाडं भरत दुसरीकडे राहिलो, म्हणून घर एवढ्याचं. माझं एक्सेल पास्कलचं होतं. आसपासच्या भरलेल्या सोसायटीत असाच फ्लॅट ६२ लाखांना जातो. आमचं संकुल कधीच पूर्ण झालं नाही आणि आज आहे तसंच राहिलं, तर ३६ मिळतील. तीन वर्षांत पूर्ण होण्याची शक्यता आम्ही अर्धी धरली. तीन वर्षांनंतरच्या ६२ ची आजची किंमत, ९ टक्क्यांनी मागे आणली तर ४८. त्याची आणि ३६ ची सरासरी ४२. मागच्या वर्षी आमच्याच इमारतीतला एक फ्लॅट ४१ ला गेला होता, म्हणजे बाजारही साधारण तिथेच होता. काकांचा निम्मा वाटा २१ लाख.

गणित म्हणून याला मी आजही धरून आहे. पण बाबांच्या हिशोबालाही ‘तुम्ही मागे पाहताय’ एवढं म्हणून मोडीत काढता येत नाही. इंजिनिअरिंगला आणि व्यवस्थापनाला शिकवतात की गेलेला पैसा गेला, निर्णय पुढचं बघून घ्यायचा. निर्णयापुरतं ते खरं आहे. मात्र गेलेल्या पैशातून एक हक्क तयार होतो आणि तो निर्णयानं पुसला जात नाही. रेरा कायद्याचं कलम १८ हेच सांगतं. ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो. प्रकल्पात राहायचं ठरवलं तर ताबा मिळेपर्यंतच्या दर महिन्याच्या उशिराचं व्याज मागू शकतो. बाबांचे गेलेले पैसे घराच्या किमतीत बसत नाहीत. ते बिल्डरकडच्या येण्यात बसतात. हे दोन रकाने वेगळे आहेत.

ते एकत्र झाले की काय होतं, ते आमच्या संकुलात रोज दिसतं. विकायला काढलेल्या जवळजवळ प्रत्येक फ्लॅटचा सांगितलेला भाव मालकाच्या नुकसानीवरून ठरलेला असतो. “माझे व्याजासकट अठ्ठेचाळीस गेलेत, त्याखाली कसं देऊ?” ही त्याची वेदना खरी आहे. पण समोर बसलेल्या नव्या घेणाऱ्यानं त्याचं काहीच बिघडवलेलं नाही. एकानं केलेलं नुकसान दुसऱ्याकडून वसूल करायचं, तेही त्याला न सांगता, घराच्या किमतीत मुरवून. बाजार याला भाव करणं म्हणतो. मला ते वेगळं वाटतं. ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्याशी भांडायला वर्षं लागतात, वकील लागतो. ज्याच्यावर हक्क नाही तो आज चहा प्यायला आलेला असतो. मग हात सोप्या बाजूला जातो.

आता माझ्या एक्सेलकडे येऊ. पास्कलच्या कोड्यात आणि आमच्या संकुलात दोन फरक आहेत.

पहिला फरक सरासरीचा. ४२ लाख ही किंमत त्या घराला कधीच येणार नाही. तीन वर्षांनी ते ६२ चं असेल नाही तर ३६ चं. बँकेकडे अशी हजार घरं तारण असतील तर काही इकडे जातील, काही तिकडे, आणि सरासरी हा बँकेचा खरा अनुभव असेल. काकांकडे घर एकच. त्यांच्या वाट्याला सरासरी येणार नाही, एक टोक येईल. म्हणून अपेक्षित मूल्य चुकीचं ठरत नाही. पण ते ज्याच्याकडे पुष्कळ घरं आणि पुष्कळ वेळ आहे त्याच्या नजरेतून काढलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पास्कलच्या कोड्यातलं नाणं खेळाडूंचं ऐकत नाही. ते छापा पडेल की काटा, हे ते दोघं काय बोलतात यावर ठरत नाही. आमच्या संकुलातलं नाणं आमचं ऐकतं. उरलेल्या इमारती पूर्ण होतील का, हे किती जण उरलेले हप्ते भरतात, किती जण तक्रारीत नाव घालतात, किती जण राहायला येतात आणि मेंटेनन्स देतात, यावर ठरतं. कायदाही हे गृहीत धरतो. प्रकल्पाची नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर उरलेलं काम हाती घेण्याबाबत पहिला नकाराधिकार कलम ८ प्रमाणे घर घेतलेल्यांच्या संघटनेला आहे. मात्र त्यासाठी मुळात संघटना हवी.

याचं मोठं उदाहरण नोएडातल्या आम्रपाली समूहाचं. ४० हजारांहून अधिक घर घेणारे त्यात अडकले होते. २३ जुलै २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या समूहाची रेरा नोंदणी रद्द केली आणि अपुरं काम पूर्ण करायची जबाबदारी एनबीसीसी या सरकारी कंपनीवर टाकली. त्याच निकालात न्यायालयानं घर घेणाऱ्यांनाही सांगितलं की करारानुसार तुमच्याकडून जे येणं बाकी आहे ते भरा. फसवले गेलेल्यांनाच पुन्हा पैसे भरायला सांगणं ऐकायला कठोर वाटतं. पण त्याशिवाय पैसा पुरणार नव्हता. ‘आधी घर दाखवा, मग पैसे’ ही एकट्या माणसाची भूमिका पूर्ण शहाणपणाची आहे, आणि सगळ्यांनी ती घेतली तर कुणालाच घर मिळत नाही.

म्हणजे अशा ठिकाणी ‘शक्यता किती?’ हा प्रश्न हवामानाच्या अंदाजासारखा विचारता येत नाही. मी एक्सेलमध्ये ५० टक्के लिहिलं तेव्हा त्या ५० टक्क्यांत मी स्वतः होतो, बाबा होते, आणि बाहेर पडणारे काकाही होते. किंमत ठरवणं इथे निव्वळ निरीक्षण उरत नाही. ती एक कृती होते आणि तिचे परिणाम शेजाऱ्यांवर होतात.

आमच्या रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातूनच एक अलिखित नियम आला आहे: टँकरचे फोटो टाकायचे नाहीत, निगेटिव्ह बोलायचं नाही, भाव पडतात. सुरुवातीला मला हा शुद्ध ढोंगीपणा वाटायचा. पण हे म्हणणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांची सगळी पुंजी त्या घरात आहे. मी खरं बोलल्यानं त्यांचे दोन लाख कमी होणार असतील, तर खरं बोलण्याची किंमत मी भरत नाही, ते भरतात. याला सहज उत्तर नाही. तरी मला वाटतं की गप्प राहण्याचा हिशोब अपुरा आहे. ज्या गोष्टींनी घर खरंच पूर्ण होईल, म्हणजे तक्रार, पाहणी, दाव्यातले पुरावे, त्या सगळ्यांना तोच टँकरचा फोटो लागतो. तो लपवून भाव टिकतो, पण ज्याच्या जोरावर भाव वाढायचा ते काम थांबतं. शिवाय ज्याला आपण गप्प राहून घर विकू, तो उद्या याच लोकांच्या बैठकीत येऊन बसणार. फसवून आणलेल्या शेजाऱ्याच्या बळावर सोसायटी चालत नाही.

एकच माणूस वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा आकडा सांगतो, ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. आयर्लंडमध्ये २००८ च्या मंदीनंतर गावोगावी अशी अर्धवट संकुलं उरली. २०१० च्या सरकारी पाहणीत ती २,८०० हून अधिक निघाली. लोक त्यांना भुताची संकुलं म्हणत. २०१३ मध्ये तिथे घरांवर नवा कर आला आणि त्यासाठी १ मे २०१३ ला आपल्या घराची बाजारात काय किंमत होती ते मालकानं स्वतःच ठरवून सांगायचं होतं. ठराविक यादीतल्या अपुऱ्या संकुलांना माफी होती. बाकीच्यांना दिवे नसलेल्या रस्त्यावरच्या आपल्या घराचा आकडा स्वतः लिहायचा होता. तो कागद माझ्यासमोर आला असता तर मी काय लिहिलं असतं, याचा विचार करून पाहा म्हटलं तर करता येतो. करासाठी कमी. विकण्यासाठी जास्त. रेराच्या तक्रारीत ‘राहण्यालायक नाही’. भाडेकरूला ‘हवेशीर आहे, शांत आहे’. प्रत्येक वाक्याला थोडा आधार आहे, म्हणूनच ती सगळी बोलताना जीभ अडखळत नाही.

मग प्रामाणिक आकड्याची कसोटी काय? आमच्या गावाकडे शेतीच्या वाटणीत एक जुनी रीत होती. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. कुठला वाटा आपल्याला येणार हे पाडणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो डावं-उजवं करत नाही. घराला ही रीत लावायची तर बाबांनी आकडा सांगायचा आणि काकांनी निवडायचं: त्या आकड्याला आपला वाटा द्यायचा, की त्याच आकड्याला बाबांचा वाटा घ्यायचा. विकताना आणि घेतानाही जो आकडा तुम्ही कबूल कराल, तो तुमचा खरा आकडा. मला ही कसोटी फार आवडली आणि मी ती मोठ्या उत्साहानं मांडली.

काका म्हणाले, “दादानं दहा लाख सांगितले तरी मला द्यावंच लागेल. घ्यायला पैसे कुठायत माझ्याकडे?”

या एका वाक्यात त्या रितीची मर्यादा आहे. दोघांनाही दोन्ही वाटे उचलता येत असतील तरच ती न्याय्य. इथे एकाला थांबता येतं, दुसऱ्याला येत नाही. बँकेच्या अहवालातला पहिला आणि तिसरा आकडा यांच्यामधलं अंतर हेच आहे. घरात काहीच बदलत नाही. विकणाऱ्याला किती दिवस थांबता येतं तेवढंच बदलतं. मग नैतिक प्रश्न असा उरतो: थांबण्याची ऐपत असणं ही काही बाबांची कमाई नाही, निदान सगळी नाही. नोकरी आणि पेन्शन त्यांच्या वाट्याला आली, दुकान काकांच्या. त्या ऐपतीचं सगळं फळ त्यांनीच घ्यावं का?

बाजाराचं उत्तर ठाम आहे. जोखीम घेईल त्याला फळ. हे उत्तर अगदी टाकाऊ नाही. बाबांनी २१ लाख दिले आणि संकुल तसंच राहिलं तर त्यांच्या हातात १८ लाखांचा वाटा उरेल, तीन लाख बुडतील. ही जोखीम घेणाऱ्याला काहीच मिळू नये, असं म्हणणं अन्यायाचंच होईल. पण संकुल पूर्ण झालं तर तोच वाटा ३१ चा होईल. म्हणजे बुडाले तर तीन, वाढले तर दहा. माझ्या एक्सेलमध्ये प्रतीक्षेची आणि भांडवलाची किंमत लावून हे दोन्ही बरोबर बसतं. भावाभावांत ते बसत नाही, कारण तीन वर्षांनी कुठल्या तरी दिवाळीला दोघं एका पंगतीत बसणार आणि दोघांनाही तो आकडा माहीत असणार.

तोड शेवटी पास्कलच्याच वाक्यात होती. आधी जे कसंही आपलं आहे ते बाजूला काढायचं, मग उरलेल्या अनिश्चिताची वाटणी करायची. आज जे उभं आहे त्याचे ३६, त्यातले काकांचे १८. ते वादातीत. त्यावर बाबांनी आशेपोटी तीन लाख आज द्यायचे, कारण गरज आज आहे, आणि पुढे काही झालं नाही तर ते सोडून द्यायचे. हक्कसोडपत्रात रक्कम २१ लाखांची, त्याचं मुद्रांक शुल्क सरकारी हिशोबानं. शिवाय दोघांत एक वेगळा करार: ठरलेल्या मुदतीत सगळं संकुल पूर्ण झालं आणि त्या वाट्याची किंमत वाढली, तर २१ च्या वरच्या वाढीतली निम्मी काकांची. थांबण्याचा मोबदला बाबांना मिळतो, पण पूर्ण नाही. काकांना पैसे आज मिळतात आणि त्यांची आशा स्वस्तात विकली जात नाही. उद्योगधंद्यात कंपन्या विकताना असे करार नेहमी होतात. घरांच्या व्यवहारात ते फारसे दिसत नाहीत, कारण तिथे सगळ्यांना आजच एक गोल आकडा हवा असतो.

‘बाजारात तुरी’ ही म्हण आपण येणाऱ्या गोष्टीवर आधीच भांडणाऱ्यांची चेष्टा करायला वापरतो. पण येणाऱ्या गोष्टीवर न बोलता, तिची किंमत आजच्या आकड्यात गुपचूप मिसळून टाकणं हे जास्त धोक्याचं आहे. अर्धवट वस्तूची किंमत एका आकड्यात सांगितली की तिच्यातला आहे तो भाग आणि आशेचा भाग वेगळे दिसेनासे होतात. मग आशा खोटी ठरली तर ती कुणी कुणाला विकली होती, हेही सापडत नाही.

भावाशी असा करार करता येतो. अनोळखी घेणाऱ्याशी तो सहसा करता येणार नाही. तीन वर्षं एकमेकांच्या संपर्कात राहायला दोघंही तयार नसतात. तिथे निदान तीन गोष्टी वेगळ्या सांगता येतात. आज इथे काय आहे: पाणी कुठून येतं, लिफ्ट किती चालतात, किती कुटुंबं राहतात. कागदावर काय कबूल केलेलं आहे, कुणी, कुठल्या तारखेपर्यंत. आणि ते पूर्ण व्हावं म्हणून इथले लोक काय करताहेत: तक्रार कुठे आहे, सोसायटी झाली का, किती जण मेंटेनन्स भरतात. या तिन्हींचा मिळून आकडा काय होतो, ते घेणाऱ्यानं ठरवावं. तो आपल्यापेक्षा कमी धरेल, जास्तही धरेल. त्याला किती थांबता येतं हे त्याचं त्यालाच ठाऊक.

गेल्या महिन्यात इमारतीच्या फाटकाशी एक तरुण जोडपं चौकशी करत होतं. त्यांना मी या तीन गोष्टी सांगितल्या, टँकरसकट. त्यांनी घर घेतलं की नाही ते मला माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या मालकाचा फ्लॅट ते पाहायला आले होते, ते त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं नुकसान झालं असेल तर त्यात माझा हात आहे, हे मी नाकारत नाही. पण ते नुकसान त्यांना ज्याच्याकडून भरून घ्यायचं आहे, तो माणूस त्या दिवशी फाटकाशी उभा नव्हता.